सेव्हन्टी नाइन आणि एकोणऐंशी

चेन्नैची गाडी कुर्डुवाडीला थोडाच वेळ थांबायची. त्यामुळे निरोपाचं जे काही बोलायचं ते गाडी येण्याआधी फलाटावरच उरकून घ्यावं लागे. आम्ही ते उरकलं नाही. बाबा माझ्या ट्रंकेची कडी पुन्हा पुन्हा ओढून बघत होते आणि आई डब्यातल्या धपाट्यांची रचना बदलत होती. गाडी आली, मी चढलो, ट्रंक बाकाखाली सरकवली आणि खिडकीशी आलो तेव्हा बाबा म्हणाले, "तिकडं कळलं नाही तर परत विचार. लाजू नको. दोनदा विचारल्यानं कुणी मारत नाही." गाडी हलली. आईनं हात वर केला तो हलवायचा राहूनच गेला.

बाबा रेल्वेच्या कारखान्यात होते. बोलणं कमी, हिशेब पक्का. मला पाढे त्यांनी शिकवले, तेही बसवून नाही, सायकलवर पुढच्या दांडीवर घेऊन. चढ लागला की पाढा सुरू. सतरा, एकोणीस, एकोणतीस असे नडणारे पाढे मला अजून त्या चढाच्या दमासकट आठवतात. आज मी एकोणपन्नास वर्षांचा आहे, अंबत्तूरच्या एका व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कारखान्यात तपासणी विभाग सांभाळतो, मोजमाप हेच माझं काम. आणि तरी गेल्या वर्षी मी इंग्रजीच्या परीक्षेत नापास झालो तो आकड्यांमुळे. हे मी कुर्डुवाडीत कुणाला सांगितलं नव्हतं. आता तुम्हा गावच्या मंडळींना सांगतो, कारण तुमच्यापैकी बरेच जण माझ्यासारखेच कुठे ना कुठे गेले आहेत आणि आणखी काही जायच्या तयारीत आहेत. कुणाला उपयोग झाला तर झाला.

चेन्नैला आलो तेव्हाही माझी एक परीक्षाच झाली होती, फक्त तिचा अर्ज भरावा लागला नव्हता. अंबत्तूरला एका घराच्या गच्चीवरच्या खोलीत मी आणि कारखान्यात नवीन लागलेले आणखी दोघं, असे आम्ही तिघं राहत होतो. बसमध्ये कंडक्टर काय म्हणाला ते कळायचं नाही, भाजीवाली काय म्हणाली ते कळायचं नाही. तमिळमध्ये मी आधी शिकलो ते आकडे, कारण त्यांच्यावाचून अडत होतं. आणि बाबांचं ऐकून प्रत्येक वेळी परत विचारायचो. "एव्वळवु?" किती? तिनं सांगितलं की पुन्हा, "एव्वळवु?" भाजीवालीला वाटायचं मी घासाघीस करतोय. एकदा तिनं कंटाळून दोन वांगी जास्त टाकली आणि हातानंच जा म्हणून खुणावलं.

ती सवय कामात फार उपयोगी पडली. आमच्या धंद्यात कुणी माप तोंडी सांगितलं तर ते परत वदवून घ्यायचं, मगच लिहायचं, असा नियमच आहे. कारखान्यातले लोक मला चिडवतात, "सार, रिपीट" हे माझं दुसरं नाव आहे म्हणून; सार म्हणजे सर. मी ते चांगलं नाव समजत आलो.

मग गेल्या वर्षी मालकांनी कारखाना विकला. ज्यांनी घेतला त्यांना यंत्रं हवी होती, जागा नको होती. अंबत्तूरचं काम टप्प्याटप्प्यानं बंद होणार हे सगळ्यांना बोलावून सांगितलं. मला वेगळं बोलावलं. त्यांचा कॅनडात एक कारखाना आहे, तिथे आमच्याच जातीचे व्हॉल्व्ह बनतात आणि तपासणीला जाणता माणूस हवा आहे. जागा माझ्यासाठी ठेवतील. अट एकच: इंग्रजीची परीक्षा, ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, चारही भागांत नवापैकी किमान सात. एका भागात जरी साडेसहा आले तरी चालणार नाही. एकोणपन्नासाव्या वर्षी चेन्नैत नवी नोकरी शोधणं म्हणजे काय असतं ते मी शेजारच्या दोन कारखान्यांतल्या लोकांचं बघितलं होतं. अन्वी, आमची मुलगी, अकरावीत होती. शुभांगी, माझी बायको, घरी मुलांच्या हिंदीच्या शिकवण्या घेते, त्यावर घर चालणार नव्हतं. म्हणजे सात मिळवायचे, नाहीतर काहीच नाही, असा तो मामला होता.

मला भीती वाचनाची वाटत होती. लांबच्या लांब उतारे येतात, मधमाश्या, जुने पूल, झोपेचं शास्त्र, आणि खाली विधानं. प्रत्येक विधान खरं, खोटं, की उताऱ्यात माहितीच दिलेली नाही, हे ठरवायचं. हा तिसरा पर्याय माझ्या जिवावर उठला. सगळं आयुष्य मी पास किंवा रिजेक्ट असे दोनच शिक्के मारत आलो. माहिती नाही असा शिक्का आमच्याकडे नसतो. माहिती नसेल तर माणूस पुन्हा मोजतो. मी प्रत्येक विधानाला खरं नाहीतर खोटं ठरवूनच थांबायचो. शुभांगी शेजारी पोरांच्या वह्या तपासत बसलेली असायची. एकदा मी वैतागून तिला तो तिसरा पर्याय समजावून सांगितला, तर ती म्हणाली, "त्यात काय अवघड आहे? माझा स्वयंपाक कसा झालाय म्हणून तुमच्या आईंना विचारा. चांगला म्हणत नाहीत, वाईट म्हणत नाहीत. नॉट गिव्हन." त्या दिवसापासून मला ते जमायला लागलं. परीक्षेत असा प्रश्न आला की मी आईचा चेहरा आठवायचो.

ऐकण्याची मात्र मला काळजी नव्हती. तिथेच घसरलो. पहिल्या वेळी वाचनात साडेसात, लिहिण्यात सात, बोलण्यात सात आणि ऐकण्यात सहा. नुसता आकडा कळवतात, काय चुकलं ते सांगत नाहीत. माझ्यासारख्या माणसाला ही सगळ्यात मोठी शिक्षा. दोष सापडला पण दोषाचं कारण नोंदलेलं नाही, असा माल मी कधी पुढे जाऊ दिला नसता.

सराव पुन्हा सुरू केला. आम्ही राहतो त्या मांबलमहून लोकलनं पार्क स्टेशनला उतरायचं, रस्ता ओलांडून सेंट्रलला, तिथून अंबत्तूरची गाडी, हा माझा रोजचा रस्ता. कानात इयरफोन घालून सरावाच्या ध्वनिफिती ऐकायचो. त्या इतक्या ऐकल्या की एक गोष्ट लक्षात आली. त्यांतली माणसं सगळी नुकतीच कुठून तरी आलेली असतात. एक मुलगी भाड्यानं खोली मागते. एक मनुष्य पोहण्याच्या तलावाचा सभासद व्हायला येतो. कुणाला वाचनालय कुठे आहे ते माहीत नसतं, कुणाला बस कुठून सुटते ते. समोरचा माणूस फार गोड आवाजात त्यांना नाव, पत्ता, फोन नंबर विचारतो आणि काम झालं की मोकळा होतो. जेवलात का म्हणून कुणी कुणाला विचारत नाही. गाडीत उभ्यानं ऐकताना मला त्या सगळ्यांची कीव यायची आणि मग आठवायचं की आपणही त्याच रांगेत नाव द्यायला निघालोय.

चूक सापडली ती अन्वीमुळे. रविवारी दुपारी आम्ही दोघं गच्चीवर, इथे मोट्टै माडी म्हणतात, वाळत घातलेल्या चादरींच्या सावलीला बसलो होतो. ती मला अप्पा म्हणते. मी बाबा म्हणायला शिकवलं होतं, पण खालच्या पोरांचं ऐकून अप्पाच राहिलं. माझ्या आईला हे अजून पटत नाही. तिच्या मते अप्पा म्हणजे चुलता. अन्वी एक ध्वनिफीत लावून माझ्या खांद्यावरून बघत होती. बाईनं पत्ता सांगितला, मी लिहिला, आणि ही ओरडली.

"अय्यो अप्पा! तू उलटं लिहितोस!"

"काय उलटं?"

"ती फॉर्टी सिक्स म्हणाली. तू सिक्स आधी लिहिला, मग त्याच्या डावीकडे जागा सोडलेली, तिथे फोर घुसवला. मी बघितली ना."

"बघितलं."

"तेच. बघितलं. पण तू आधी सिक्स लिहिला."

मी नाही म्हणालो. तिनं परत लावलं, दुसरा आकडा. या वेळी मी स्वतःच्या हाताकडे बघत होतो. बाई म्हणाली सिक्स्टी थ्री आणि माझ्या हातानं आधी तीन काढला. मग त्याच्या डावीकडे सहा. चोवीस वर्षं इंग्रजीतून काम करणाऱ्या माणसाच्या डोक्यात कुणीतरी बसलेलं होतं. सिक्स्टी थ्री ऐकलं की तो मधला माणूस आधी त्रेसष्ट म्हणायचा, आणि त्रेसष्टमध्ये तीन आधी येतो. सेहेचाळीसमध्ये सहा आधी. हळू सांगितलं तर मी डावीकडे जागा सोडून जमवून घ्यायचो. घाईत सांगितलं तर तीन-सहाच लिहून पुढे जायचो. सेव्हन्टी नाइनची तर आणखीच वाट लागायची, कारण ते एकोणऐंशी होतं, आणि ऐंशी एवढंच कानात राहून हात आठाकडे जायचा. कारखान्यात हे कधी कळलं नाही, कारण तिथे मी परत विचारत होतो. परीक्षेत एकदाच ऐकवतात. सार रिपीट तिथे चालत नाही.

सरावाच्या पुस्तकांत थर्टीन आणि थर्टी यांत गल्लत करू नका म्हणून सूचना असते. माझ्या चुकीबद्दल एकाही पुस्तकात काही नव्हतं. अन्वीला ही चूक होतच नाही. "तमिळमध्ये सरळ असतं अप्पा," ती म्हणाली. "नाप्पत्तारु. आधी फॉर्टी, मग सिक्स. मराठी म्हणजे रिव्हर्स गियर." आणि मग मला चिडवायला ती तमिळ चालीवर एकोणचाळीस, एकोणपन्नास असं गाऊ लागली, ते तिला शाळेतल्या कवितेसारखं वाटतं. तिला मराठीत वीसच्या पुढे मोजता येत नाही. मी कधी तिला सायकलच्या दांडीवर बसवलं नव्हतं. आमच्या रस्त्याला चढही नाही.

दोष कळला म्हणजे उपाय करता येतो. अन्वीनं नियम घातला की परीक्षा होईपर्यंत घरात आकडा फक्त इंग्रजीत. पोळ्या किती, गाडी कितीची, दुधाच्या पिशव्या किती, सगळं. शुभांगीला ते फार जड गेलं. "मला दोन पोळ्या हव्यात तर मी टू म्हणू का? माझ्याच घरात?" पण म्हणू लागली. मी कारखान्यात ट्रेमधले नग जोडीजोडीनं मोजायचो तेव्हा ओठ बंद ठेवून आत इंग्रजी लावायचो. फलाटावर गाडीचा नंबर पुकारतात, तमिळ, हिंदी, इंग्रजी. मी फक्त तिसरा घ्यायचो. जिना चढताना, दात घासताना, देवाला प्रदक्षिणा घालतानासुद्धा. डोळे थकले तर चष्म्याचा नंबर वाढवून मिळतो. कान थकले तर काहीच मिळत नाही. संध्याकाळी घरी यायचो तेव्हा कुणी माझ्याशी कुठल्याच भाषेत बोलू नये असं वाटायचं. शुभांगी चहा ठेवायची आणि तिला ते कळायचं, म्हणून ती पोरांच्या शिकवणीच्या खोलीचं दार लोटून घ्यायची.

आमच्या वरच्या मजल्यावर भीमराव राहतात. बँकेतून निवृत्त झालेले, मूळचे तंजावरकडचे. त्यांचे पूर्वज कधी काळी तिकडे गेले आणि तिथेच राहिले. ते आमच्याशी मराठी बोलतात, पण ती ऐकायची पहिल्यांदा आलेल्या माणसाला सवय करून घ्यावी लागते. शब्द जुने, सूर तमिळ. सगळी इमारत त्यांना मामा म्हणते. जिन्यात भेटले तेव्हा त्यांनी कानातल्या वायरीकडे बोट केलं.

"काये संजयराव, कान शाळेंत घातलेत म्हणे?"

मी सगळी हकीकत सांगितली. उलटे आकडे, मधला माणूस, अन्वीचा नियम. ते कठड्याला टेकून ऐकत होते आणि हसत होते.

"आमचे घरीं तो तंटा नाहीं," ते म्हणाले. "बोलणें मराठी, मोजणें तमिळ. ओन्नु, रेण्डु, मूणु. माझे आजोबा मराठींत मोजत. वडील पूजेचे वेळीं मोजत, फुलें वाहतांना. मला तेंही येत नाहीं."

"मग कधी गेलं ते?"

"कोण बघितलें? अंक आधीं जातात, बा. मग भाज्यांचीं नावें. शिव्या मात्र राहतात. त्या माझ्या अगदीं चोख आहेत, ऐकवूं?"

मी हसलो, पण माझा चेहरा त्यांना दिसला असावा. मी जे मुद्दाम करत होतो ते त्यांच्या घरात तीन पिढ्यांत आपोआप झालं होतं, आणि मी ते काही महिन्यांत उरकायला निघालो होतो. तसं मी म्हणालो. त्यावर ते जरा रागावले.

"अंक गेले म्हणून मी तुमच्यांतला नाहीं काय? तुम्ही आलांत तेव्हां या इमारतींत तुम्हांस जेवायला कोणीं बोलावलें?"

त्यांनीच बोलावलं होतं. आंबट वरण आणि भात, आणि मी ते सांबार समजून खाल्लं होतं. मी माफी मागितली. "परवाइल्ले," असू दे म्हणाले आणि काठी टेकत वर गेले. वर जाता जाता पायऱ्या तमिळमध्ये मोजत होते, बहुधा मला ऐकू जावं म्हणून.

दुसऱ्या परीक्षेला शुभांगी केंद्रापर्यंत आली. रिक्षात तिनं फक्त माझ्या शर्टाच्या खिशावरचा धागा तोडला. आत हेडफोन दिले, ते घट्ट बसत होते. पहिल्याच भागात एक माणूस कुत्र्यासाठी पाळणाघर शोधत होता. मला हसू आलं, पण हसायला वेळ नव्हता. पत्ता आला, घराचा क्रमांक आला, मी लिहिला. पुढे कुत्र्याचं वजन, मग एक तारीख, मग खोलीचा क्रमांक. सगळं लिहीत गेलो. तिसरा भाग संपून चौथा सुरू झाला तेव्हा मला जाणवलं की मध्ये कुणीच नव्हतं. कानातून निघालेला आकडा थेट हातात उतरत होता. जो माणूस त्रेसष्ट म्हणायचा तो कधीतरी उठून गेला होता आणि मला त्याचं जाणं समजलंही नव्हतं. एवढी मेहनत घेऊन त्याला घालवलं, आणि तो गेला तेव्हा मला बरं वाटलं नाही. एक क्षण मी त्याला शोधत बसलो आणि त्यात चौथ्या भागातलं एक उत्तर गेलं. ते कोरं ठेवलं नाही, अंदाजानं काहीतरी लिहिलं.

निकाल आला तेव्हा मी कारखान्यात होतो. अर्धी यंत्रं निघून गेली होती, त्यांच्या जागी जमिनीवर तेलाचे चौकोन राहिले होते. सेल्वम, माझ्या हाताखालचा जुना तपासनीस, शेजारी उभा होता. त्याला कॅनडाचं बोलावणं नव्हतं. त्याला तिरुवळ्ळूरजवळ कुठेतरी काम मिळालं होतं, पगार बराच कमी. त्यानं फोनमध्ये डोकावून आधी बघितलं. ऐकणं साडेसात, वाचणं आठ, बाकी दोन्ही सात. "सार, रिपीट वेण्डां," तो म्हणाला. आता रिपीट नको. आणि त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला तो बराच वेळ सोडला नाही.

घरी अन्वीनं उड्या मारल्या. शुभांगीनं देवापुढे दिवा लावला आणि तिथेच जरा जास्त वेळ बसली. ठरलं असं की मी पुढे जायचं. अन्वीची बारावी इथेच होईल, त्यानंतरचं कॉलेजही ती इथेच म्हणते आहे, तिला आपलं गाव सोडायचं नाही. ती ऊर म्हणते, ऊर म्हणजे गाव. चेन्नैला गाव म्हणणारं माझ्या घरातलं हे पहिलं माणूस. शुभांगी तिच्याबरोबर राहील. मग पुढचं पुढे. पुढचं पुढे हा आमच्यात आता नेहमीचा शब्द झाला आहे.

रात्रीच्या जेवणाआधी आईला फोन लावला. बाबा जाऊन सहा वर्षं झाली, आई कुर्डुवाडीत धाकट्या भावाकडे असते. कान अजून चांगले आहेत तिचे, माझ्यापेक्षा चांगले.

"आई, झालो पास."

"कितीपैकी किती?"

"ऐकण्यात नवापैकी साडेसात."

"अगं बाई, साडेसाती?"

"साती नाही, साडेसात. नवापैकी."

"मग दीड कुठं घालवलास?"

ती थट्टा करत नव्हती. नवातून साडेसात गेले तर दीड राहतो, आणि तो कुठे गेला हे विचारायला हवं, इतकंच तिचं म्हणणं. बाबांनीही हेच विचारलं असतं. मी म्हणालो, "असेल इथंच कुठंतरी," आणि तिला ते पटलं नाही हे तिच्या श्वासावरून कळलं.

मग मी जायचं सांगितलं. कॅनडा, थंडी, वर्षातून एकदा येणं. ती ऐकून घेत होती. चोवीस वर्षं तिची एकच तक्रार होती, किती लांब जाऊन बसलास रे. दर फोनला. त्या दिवशी म्हणाली, "चेन्नै काही लांब नव्हतं बाबा. एका गाडीत बसलं की येत होतं." आणि पाठोपाठ, "मग त्या घराचं कोण बघणार?"

"कुठल्या घराचं?"

"तुझ्या. मांबलमच्या."

ज्यांना आई माहीत नाही त्यांना सांगायला हवं. मी अंबत्तूरच्या गच्चीवरून मांबलमला आलो, लग्नानंतर आम्ही दोन खोल्यांतून तीन खोल्यांत गेलो, अन्वी इथे जन्मली, पण आईच्या तोंडी ही जागा कायम तुझी खोली अशीच होती. तुझ्या खोलीवर पाणी येतं का. तुझ्या खोलीवर पार्सल पाठवू का. दोनदा येऊन राहिली, तेव्हा सुद्धा परत जाताना घरी जाते म्हणाली. घर एकच, कुर्डुवाडीचं. मी तिला कधी दुरुस्त केलं नाही. खरं सांगायचं तर बरीच वर्षं माझंही मत तेच होतं.

फोन ठेवून मी शुभांगीला सांगितलं की आई आज आपल्या जागेला घर म्हणाली. ती डाळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "लवकर सुचलं त्यांना." मग परात बाजूला ठेवून पदरानं डोळे पुसले आणि आत निघून गेली.

तेव्हापासून मी या गोष्टीचा विचार करतो आहे. घर कशाला म्हणायचं याची मला नेमकी व्याख्या हवी होती, माझा स्वभावच तसा. मला एवढंच जमलं: आपण निघतो तेव्हा जिथे मागे कुणीतरी राहतं, ते घर. या मापानं गच्चीवरची खोली घर नव्हती, तिथून आम्ही तिघंही एकाच आठवड्यात गेलो. कुर्डुवाडी घर होतं, कारण फलाटावर दोघं उभे राहिले. मांबलम आता होतं आहे, कारण मी निघालो की शुभांगी आणि अन्वी इथे राहणार आहेत. म्हणजे माझी दोन घरं झाली. तिसरं करण्याची आता माझ्यात ताकद नाही. तिकडच्या लोकांनी राहण्याच्या जागेचं विचारलं आहे, किती मोठी हवी म्हणून. मी कळवलं आहे की एकटाच येतोय, खोली पुरे.